हेक्टरचं कुंपण

हेक्टरने शेताला तार ओढली
आणि जुनं कुंपण मला दिलं: एकेचाळीस लाद्या,
ट्रॅक्टरच्या दोन खेपांत.
"पैसे नकोत. ट्रॉली तेवढी धुऊन दे."

डनेटच्या या बाजूला कुंपणंही दगडाची,
हारीने उभ्या लाद्या,
गुडघ्यापर्यंत मातीत.
वर दगडफूल, पिवळं आणि राखाडी,
खाली ओली काळी रेघ:
इथवर जमीन होती.

शंभर वर्षं उभ्या राहिलेल्या दगडाला
आडवं करायचं म्हणजे
रजा देण्यासारखं, असं मला वाटलं होतं.
तसं नसतं.

आधी वीतभर खोदलं. मग खडी.
मग भाड्याचं धुमसायचं यंत्र, दाढांपर्यंत हादरवणारं.
मग वाळू, फळीने ओढून ओढून सपाट,
आणि तेवढ्यात शेजारचं मांजर तिच्यावरून चालत गेलं
अगदी मधून, घरमालकासारखं.

दोरी ताणली.
पाणसळीतला बुडबुडा रेघेच्या जरासा पुढे हवा.
साठ इंचांना एक इंच उतार, घराकडून बाहेर.
पाणी दारात थांबता कामा नये.
विल्यमिनाही नाही.

माझी सासू. वय एक्याण्णव, नजर गेलेली.
मागच्या दारापासून कपड्यांच्या दोरीपर्यंत
तिला एकटीने जायचंय.
मार्चमध्ये तिची काठी चिखलात दोनदा रुतली.
दुसऱ्यांदा ती हसली नाही.

एकही दगड दुसऱ्याच्या जाडीचा नाही.
ठेव, ठोक, डुगडुगतो, उचल,
मूठभर वाळू इकडे, चिमूटभर तिकडे,
पुन्हा ठेव.
रबरी हातोड्याचा आवाज खाडीवरचा वारा पळवून नेतो,
गुडघे मात्र सगळं ऐकतात.
एका लादीला बिजागरीचं भोक, भोवती गंजाचं कडं.
ही कधीतरी फाटकाची होती.
ती दारापाशी बसवली.

शुक्रवारी विल्यमिना उंबऱ्यावर आली,
"थांब, बघू दे," म्हणाली
आणि काठीने एकेक दगड वाजवत निघाली,
बाजारात मडकं पारखावं तशी.
सतराव्यावर थांबली.
"हा बद्द वाजतो."
मी म्हटलं, हलत नाही तो, चारदा पाहिलंय.
"हलत नाही गं. पोटात रिकामा आहे."

उचलला.
खाली वाळूत मुठीएवढा खळगा.
मांजराचा असेल, नाहीतर माझा,
त्या दिवशी पाठ फार दुखत होती.

जूनमध्ये इथे रात्री दहालाही उजेड असतो.
सांध्यांत वाळू झाडून भरली.
एक लादी उरली, ती शेडला टेकवून ठेवलीय,
उभी.

विल्यमिना एकटी गेली दोरीपर्यंत,
चादर चाचपली, गालाला लावली.
"ओलीच आहे अजून," म्हणाली,
आणि परत फिरली,
प्रत्येक दगडावर काठी एकदा आपटत,
सतराव्यावर दोनदा.