धुलाईघरातून

नारिनच्या रुग्णालयात, तळघरात,
एकवीस हिवाळे मी लंगोट धुतले.
मोजून घ्यायचे, उकळायचे, पिळायचे,
मागच्या अंगणात दोरीवर घालायचे.
जानेवारीत तिथे काही वाळत नाही, गोठतं.
पाटासारखे ताठ लंगोट काखोटीला मारून
मी आत यायचे, तेव्हा रखवालदार साग्यनबेक म्हणायचा,
"आली बघा सुतारीण."

मग इस्त्री. दोन्ही अंगांनी, शिवणीवर जास्त वेळ.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या वर्षी वरच्या मजल्यावर, काचेच्या पेट्यांत,
नावाआधी वजन लिहिलेली बाळं होती.
नऊशे ग्रॅम. अकराशे.
एका आठवड्यात तिघांना ताप चढला.
चौथ्याला ताप नाही,
तो नुसता गार पडत गेला.
वहीत त्याच्यापुढचा रकाना कोरा आहे.

बिश्केकहून एक बाई आली, कापसाच्या काड्या घेऊन.
नळ पुसला, नर्सांची बोटं पुसली,
पेट्यांच्या खिडक्यांच्या कडा,
आणि शेवटी जिना उतरून
माझ्या कपाटातली सगळ्यांत वरची घडी.

"उकळलेलं आहे," मी म्हणाले.
"माहीत आहे," ती म्हणाली.
"काही जंतू बी होऊन बसतात. उकळून मरत नाहीत.
ओल मिळेपर्यंत वाट बघतात."
रागावली असती तर बरं झालं असतं.

गुरुवारी खोकी आली.
तळहाताएवढे डायपर, एकदा वापरून टाकायचे.
बुरुल्चा नर्स ओला डायपर तराजूवर ठेवते,
कोऱ्याचं वजन वजा करते, लिहिते: सात ग्रॅम.
बाळ किती प्यायलं, ते असं मागल्या दाराने कळतं.
मग हातमोजे काढते, हात धुते, नवे चढवते,
पुढची पेटी.
ताप थांबला.
मला आता चादरी आहेत, आणि पिवळ्या पिशव्या.

मार्चमध्ये अकराशेची आई खाली आली, तोल्गोनाय.
बाळ घरी निघालं होतं, अडीच किलो भरून.
हातात नव्या फ्लॅनेलचा तागा.
"विकतचे रोज कुठून आणू?
तुमच्यासारखं धुवायला शिकवा."

तुमच्यासारखं.

मी इस्त्रीची वायर गुंडाळली, पुन्हा सोडली.
म्हटलं, उकळ, ते आहेच.
पण घडी घालण्याआधी गालाला लावून बघ.
हाताने नको,
आपले हात कायम ओले, त्यांना ओल कळत नाही.
गालाला गार लागलं
तर अजून वाळलेलं नाही.