कारण

लिस्बनमध्ये, नदीच्या बाजूला, सातव्या मजल्यावर
लिथुआनियन भाषेसाठी आम्ही चौघं.
शेजारी फिनिश, पलीकडे झेक,
आणि खांबाआड माल्टीजवाला एकटा कार्मनू,
ज्याला दिवसभर स्वतःच्या भाषेत
कुणाशी भांडताही येत नाही.

पूर्वी सोपं होतं.
चित्र यायचं, बोट जायचं, चित्र जायचं.
मग ब्रसेल्सला कायदा झाला:
माणसाचं म्हणणं काढून टाकलंत
तर का टाकलंत ते त्याला सांगा.
चोवीस भाषांत छापला म्हणे.
आमच्यापर्यंत पोचला तो
पडद्यावर उजवीकडे एक नवा चौकोन होऊन.
वर लिहिलेलं: कारण.
रिकामा सोडला तर पुढे जाऊ देत नाही.

मला आवडला तो चौकोन, खोटं कशाला बोलू.
दोन वर्षं लोकांच्या तोंडावर दार लावत आले होते,
आता निदान दाराआडून खोकता येत होतं.

आधी यंत्र बघतं. आकडा लावतं.
आकडा मोठा असला की बावन्न सेकंद पुरे,
घड्याळ हिरवं, मग पिवळं, मग लाल.

माझी आई ऑगस्टात अळंबी आणायची जंगलातून,
वर्तमानपत्रावर ओतून निवडायला बसायची.
मला बजावायची, शंका आली की टाक.
स्वतः मात्र शंका आली की
कडेचा तुकडा मोडून जिभेच्या टोकाला लावायची,
थुंकायची,
आणि हात मांडीवर ठेवून थोडी थांबायची.

यंत्राला शंका येत नाही.
जीभ तर नाहीच.

मंगळवारी जेवणानंतर एक अपील आलं.
नियमानं दुसऱ्याकडे जायचं, पण रेमिगियस रजेवर.
फोटो: वाफेच्या खोपटाची लाकडी पायरी,
बर्चच्या पानांची जुडी,
साठीपुढची बाई, टॉवेल कमरेला,
डावीकडे स्तन, उजवीकडे शिवण.
०.९७, नग्नता.
खाली शुक्रवारचं माझंच कारण:
नियम चौदा, उघडे शरीर.

आणि पत्र, रोकिश्किसजवळच्या कुण्या झिगमासचं:

‘आदरणीय बाई, किंवा साहेब, किंवा यंत्र,
कारण कळवल्याबद्दल आभारी आहे.
माझ्या भावाची पत्रं सोव्हिएत सैन्यातून यायची,
मधल्या ओळींवर काळी शाई.
का, ते आईला मरेपर्यंत कुणी सांगितलं नाही.
त्यामानानं तुम्ही बरे.

पण तुम्ही लिहिलंय, उघडे शरीर.
स्तासेनं अकरा महिने आरशावर चादर टाकली होती.
त्या शनिवारी तिनं आपल्या हातानं टॉवेल खाली घेतला,
म्हणाली, काढ फोटो, माझ्या बहिणींना बघू दे.
हे उघडं नाही.
हे बंद केलेलं आहे, नीट टाके घालून.
मी शिंपी होतो, मला कळतं.’

घड्याळ पिवळं झालं.
पडद्याला जीभ लावता येत नाही,
म्हणून मी ते पत्र मोठ्यानं वाचलं, आमच्या भाषेत,
घरी बोलतो तसं, शेवटचे स्वर लांबवून.
कार्मनू खांबाआडून डोकावला.
त्याला एक अक्षर कळत नव्हतं.
शेवटपर्यंत उभा राहिला.

घड्याळ लाल.
तिच्या खांद्यावर एक ओलं पान चिकटलेलं होतं,
ते मला शुक्रवारी दिसलंच नव्हतं.

‘पुन्हा दाखवा’ दाबलं,
आणि वाट बघत बसले चौकोनाची.
चांगलं तीन ओळींचं कारण तयार होतं माझ्याकडे,
त्यात शिंपी होता, पान होतं,
माफीसुद्धा होती, थोडी आडून.

चौकोन उघडलाच नाही.
काढायला कारण मागतो हा फॉर्म,
ठेवायला मागत नाही.
झिगमासना गेलं ते एवढंच:
आपला मजकूर आता पुन्हा दिसत आहे.

मी हात मांडीवर ठेवून
थोडी थांबले.

मग पुढचं चित्र आलं.