अकरा मिनिटं

सिनेमाचं खरं नाव कुणालाच धड म्हणता यायचं नाही.
इतवारीत त्याला भोवरा म्हणत,
कारण त्यातलं यान भोवऱ्यासारखं गरगरायचं
आणि नीट पाहिलं तर
वर बांधलेली तार दिसायची.

ती तार मला हवी आहे.
दिग्दर्शकानं म्हातारपणी सगळं धुऊन काढलं,
तार पुसली, आकाशात नवे तारे भरले,
जुन्या प्रती परत मागवल्या.
नागपूरची गेली नाही.
चंद्रपूर, गोंदिया, बैतूल करून करून
ती इतकी ओरखडली होती
की परत पाठवायचं भाडं कुणी भरलं नाही.

धंतोलीत एक्स-रेच्या दुकानात असते मी.
सात वाजता शेवटची छाती, शेवटचा गुडघा गेला
की लाईटबॉक्सवर कापड मारते
आणि रिळं काढते.
शिरक्यासारखा वास सुटतो.
फिल्म मरायला लागली की असाच सुटतो.
मालकांना सांगितलंय, लोणचं आहे.

सव्वा लाखाच्या आसपास चौकटी.
रोज चारशे होतात,
मे महिन्यात तीनशेच,
कारण कूलरची ओल फिल्मला सोसत नाही
आणि कूलरशिवाय मला.

फिनलंडमध्ये एक माणूस आहे, कधी न भेटलेला.
त्याच्याकडच्या प्रतीशी माझी ताडून बघतो.
त्यानंच लिहिलं,
तुमच्यात शेवटची अकरा मिनिटं नाहीत.

कुठली अकरा मिनिटं?
दाराच्या कडीवर हात, फटीतून उजेड,
समाप्त,
आणि टॉकीजचे दिवे लागतात.
आम्ही तेवढ्यावर मोठे झालो.
दारामागे काय, या वादात
माझ्या भावाचा एक दात गेलेला आहे.

ऑपरेटर हेडाऊ गोळीबार चौकात राहतात.
खाली माग होता, आता गॅरेज आहे.
"शेवटची बस सव्वाबाराची," ते म्हणाले,
"लोकाईनं काय पायी जायचं पारडीले?"
म्हणून कापली.
बापानं मागावर तुटला धागा वळायला शिकवलेला,
कडी आणि समाप्त यांच्यातला सांधा असा
की माझ्या भिंगालाही गाठ लागली नाही.
फिनलंडवाला म्हणाला, हा मूळचाच शेवट असणार.
मी दोन दिवस त्याला तसंच म्हणू दिलं.

त्यांच्याच भिंतीवर दाखवला मग, चादर लावून.
मधे गॅरेजमधली एक बुलेट चालू झाली
तेव्हा यान जरा हाललं.
हात कडीवर आला तसे हेडाऊ उठले,
न बघता भिंतीवर बटण चाचपू लागले.
बटण दुसऱ्या बाजूला होतं.

अंधारातच म्हणाले,
"थे अकरा मिनिटं मी पडद्यावर पाह्यलीच नाही.
हातात धरून, बल्बासमोर, तेवढीच.
बाई येते ना दाराशी?
ओयखते का त्याले?"

फिनलंडच्या प्रतीत ओळखत नाही.
कोण हवंय, विचारते, हाताला पीठ.
धुतलेल्या प्रतीत रडते, मिठी मारते,
मागे व्हायोलिनं,
आणि पीठ नाही.

मी विचारलं, कोणत्या प्रतीत?

ते आत गेले. बराच वेळ काहीतरी पडत राहिलं.
डालड्याचा डबा घेऊन आले,
झाकण कोयत्यानं उघडलं.
आत गुळाच्या भेलीसारखं काही,
वळ्याला वळी चिकटून एकच झालेलं.
म्हणाले, "हिच्यात."

लाईटबॉक्सवर ठेवून पाहिली.
उलगडत नाही. वाकवली की कडा मोडते.
फुप्फुसांतून जातो तो उजेड हिच्यातून जात नाही.
फक्त एका बाजूला, नखाएवढं, पिवळं दिसतं.
दाराचं असेल,
तिच्या बाहीचं असेल,
किंवा नुसताच डाग.

फिनलंडला अजून कळवलेलं नाही.