प्रतवारी

शालिक वाढई, तीस हंगाम जिनिंगात ग्रेडर.
रुईची चिमूट दोन अंगठ्यांत ओढून सांगायचा:
एकोणतीस. सत्तावीस, ओल आहे.
इंग्रजी येत नाही त्याला.
मी त्याला एकाच अल्बमच्या तीन सीड्या ऐकवतो:
त्र्याऐंशीची, सत्त्याण्णवची, आणि ही नवी,
जपानहून मागवलेली,
घरी किंमत न सांगता.

आवाजाच्या बटणापाशी नेलपॉलिशचे तीन ठिपके,
तिघींची पातळी सारखी यावी म्हणून.
मोठं तेच चांगलं वाटतं, कानाची जुनी खोड.
कूलर बंद. वरोऱ्याचा मे.
शालिकभाऊ पाठमोरा.

नवी लागली. ढोल अंगावर आला.
त्यानं हवेतच चिमूट ओढली.
"पानी मारलं हाय हिच्यावर.
काट्यावर जड, पन धागा तुटते."

सत्त्याण्णवची: "बरी हाय. लय धुतली."

मग पहिली, ओरखडलेली, हिंगणघाटच्या भंगारातली.
तो बराच वेळ बोललाच नाही.
ढोलवाल्याच्या पायाखाली पेडल कुरकुरत होतं.
नंतरच्या दोघींत ते नाही.
इतक्या वर्षांनी कुणी तेल घातलं कोण जाणे.

"आता गानं नोको लावू," म्हणाला,
"दोन गान्याइच्या मंधातली जागा लाव."
लावली.
नवीत काहीच नाही, पार कोरडं.
जुनीत बारीक खरखर,
पावशेर हवा.
"आयक. मानसं गेली नाहीत अजून खोलीतून."

उठताना विचारलं, "जपानवालीचे किती देल्ले?"
मी निम्मे सांगितले.
"तरी लुटलं तुले," म्हणाला,
आणि चपला शोधू लागला.