तिसरं बटण

बाबालालनं ते काट्यावर टाकलं,
काटा अडीच किलोपाशी थरथरत राहिला.
"लोखंडाच्या भावात जातंय बगा, ताई.
मूठ लाकडाची. ती वजा."

मूठ मी हातात धरून पाहिली.
तात्यांच्या अंगठ्यानं तिथं
चाळीस वर्षांत एक खळगी पाडलेली,
माझा अंगठा तीत हरवला.
ही कशी वजा करायची?

उद्यमनगरात, पारिसा चौगुल्यांच्या फौंड्रीमागं
तात्या सागवानी पॅटर्न करायचे,
पंपाची, इंजिनाची अंगं
ओतण्याआधी लाकडात जन्मायची.
ड्रिलचं खोगीर छातीला लावून पुढं झुकायचे,
देवळात वाकतात तसं नव्हे,
अडलेलं दार ढकलतात तसं.
करकर. मग मऊ कुरकुर. परत करकर.
"गाठ आली," म्हणायचे, न बघता.

प्रत्येक सदऱ्याचं तिसरं बटण फुटलेलं.
आई शिवून शिवून कंटाळली,
शेवटी तिथं नुसताच टाका घालू लागली.

विजेचं आलं तेव्हा त्याला नावं ठेवली नाहीत.
शंभर भोकं असली की तेच घ्यायचे.
पण कडेच्या, नाजूक भोकाला
खुंटीवरचं हेच खाली यायचं.
"त्येला पलीकडचं कळत न्हाई गं.
लाकूड संपायच्या एक फेरा आधी थांबायचं,
फळी उलटायची, तिकडनं यायचं.
न्हाईतर चिरफळी निघती."

मी एक फेरा जास्त गेलेय, दोनदा.
लाकडात नाही.
त्यातला एक तात्यांनी पाहिला होता,
काही बोलले नाहीत.

"देत नाही," म्हटलं बाबालालला.
त्यानं चहा मागवला, आणि वर
तीन सुती बिट फुकट दिलं,
"चालतंय का बगा तरी."

चालतं. चक्रीचा एक दात गेलाय,
दर फेऱ्याला एकदा ठेच लागते,
तिची सवय होते.
स्वयंपाकघरात मांडणीची फळी बसवायची होती.
रात्रीचे अकरा, शेजारचं तान्हं झोपलेलं,
कुणाची झोप मोडली नाही.
लाकूड पातळ होत गेलं तसा आवाज पोकळ झाला,
मी थांबले.
फळी उलटली.
तिथं एक बारीकसा उंचवटा, नखाला लागेल इतका.

भोक जरा तिरकं पडलं.
डब्यांना चालतंय.

गाऊन बदलताना दिसलं,
छातीच्या हाडावर एक लाल चंद्रकोर,
दाबलं की दुखणारी.