बत्तीस भोकांचा तुंबा

नाना पेठेत दौलत परदेशी अजून तुंबाच म्हणतो.
हब म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला दहा टक्के जास्त लावतो,
असं तोच सांगतो, न हसता.

मी पिशवीतून काढून त्याच्यापुढं ठेवला:
कोथरूडच्या एका पोराकडून घेतलेला, काळा, जवळजवळ नवा.
त्यानं एका बाजूची भोकं मोजली, नखानं.
"अठरा. म्हणजे छत्तीस. आणि रिम?"
बत्तीस.
"मग बाई, दोघांचा छत्तीसचा आकडा."

मला एकच गिअर हवाय.
दिवसभर छापखान्यात ऱ्हस्व की दीर्घ हेच निवडत बसते,
संध्याकाळी धायरीपर्यंत तरी कुणी काही विचारू नये.
डिरेलर तिसऱ्यांदा आऱ्यांत गेला तेव्हाच ठरवलं.
डिस्क मात्र पाहिजे.
रविवारी बोपदेव घाट असतो,
चढताना मी एकटी असते,
उतरताना माझं वजनही सोबत येतं.

वाटलं होतं, गिअर काढले की प्रश्न संपले.
ते फक्त आत सरकले, आसाजवळ.
फ्रेमच्या मागच्या दोन टोकांत एकशे पस्तीस मिलिमीटर,
साध्या सायकलीचे तुंबे एकशे दहाचे,
मधल्या पंचवीसचं काय करायचं?
चेन ताणायला चाक मागं ओढावं
तर डिस्क ब्रेकच्या चिमट्यातून निसटू बघते.
एवढ्याशा लोखंडाला एवढी मतं.

दौलतनं गल्ल्यावर दोन तुंबे मांडले.

एक गिअरवाला. नऊ चकत्यांची जागा,
तिच्यात एकच चकती घालायची
आणि उरलेल्या जागी रिकामी कडी भरायची.
"उद्या गुडघे बोलायला लागले, तर कडी काढा, चकत्या घाला.
सोय आहे."
मी त्या कड्यांकडे बघत राहिले.
माझ्याकडे आहेत अशा बऱ्याच:
बडोद्याच्या नोकरीचं पत्र अजून प्लॅस्टिकच्या पाकिटात आहे.

दुसरा एका चकतीपुरताच.
त्याचे दोन कान लांब लांब,
आरे दोन्हीकडून सारख्याच कलानं येणार.
"गिअरवाल्यात उजवे आरे उभे पडतात, ताण सगळा त्यांना.
डावे नुसते हजेरीला."
बोटं फाकवून दाखवतो,
दोन बोटांना पहिलं पेर नाही,
तरी मला त्या पंज्यात अख्खं चाक दिसतं.

"आणि माझा विचार बदलला तर?"
"तर या परत. मी आहे."
म्हणाला, आणि शेजारच्या शटरकडं बघितलं.
तिथं त्याचा चुलता सीटकव्हरं शिवायचा.
आता मोबाईलच्या काचा बदलतात.

मी दुसरा उचलला. जड होता, गार होता.
उजवीकडं चकती, ती ओढणार.
डावीकडं डिस्क, सहा स्क्रूंनी आवळून, ती धरणार.
निघणं आणि थांबणं एकाच आसावर,
दोघांत वीतभरही अंतर नाही.
मधे छर्रे, ग्रीसमध्ये गळ्यापर्यंत.
त्यांना कोणाचीच बाजू घ्यायची नसते.

"हाच," मी म्हटलं.
"हा नमुना. हाही छत्तीसच," तो म्हणाला.
"बत्तीसवाला गुरुवारी."

कोथरूडचा पोरगा आता फोन उचलत नाही.
त्याचा तुंबा माझ्या टेबलावर, प्रुफं उडू नयेत म्हणून.
मधूनच हात जातो.
चकती पुढं फिरवली की सगळाच वळतो, मुका.
मागं फिरवली की टक् टक् टक्.
आतल्या खोलीतून आई विचारते,
"पाल चुकचुकली का गं?"
नाही, म्हणते मी.
आणि आणखी एकदा
मागं फिरवते.