गुण कुणाचा

नोव्हेंबरात खोकला लागला तो सुटेचना.
टपालाची पिवळी गाडी, रेताड रस्ता, दोन्हीकडे पाइनचं रान
आणि माझी ढास गाडीच्या आधी पोचायची दारात.
कुत्र्यांनी भुंकणं सोडून दिलं.
रामुते आली, त्यांना खोकल्यावरूनच कळायचं.

पेन्शन द्यायची, सही घ्यायची, निघायचं. एवढंच माझं काम.
पण जूकियातल्या म्हाताऱ्यांना
खोकणारं माणूस तसंच परत धाडवत नाही.

पेत्रोनेलेनं कांदा चिरला, बरणीत साखरेचे थर दिले,
'रात्रभर पाणी सुटू दे, मग चमचा चमचा.'
तिचे डोळे कांद्याच्या आधीच भरलेले.
आयर्लंडहून पोराचं पत्र आजही नव्हतं माझ्या पिशवीत.

स्तासे म्हणाली, कांदा कसला,
मोज्यांत मोहरीची पूड घाल आणि झोप.
घातली. पाय पेटले,
खोकला जागच्या जागी.

पुढच्या घरात दोन बहिणी, सतरा वर्षांचा अबोला,
एका सफरचंदाच्या झाडावरून.
थोरलीनं हंसाची चरबी छातीला चोळली,
धाकटीनं लिंडनच्या फुलांचा काढा पाजला.
'तिला सांग, चरबीनं माणूस नुसतं वास मारतं.'
'तिला सांग, ती फुलं म्हणावं गाईला घाल.'
मी खोकत राहिले आणि निरोप पोचवत राहिले,
दोघी चार हातांवर बसलेल्या असताना.

शेवटचं घर रानाच्या कडेला, अनिसेतासचं.
बायको गेल्यापासून त्याचा आवाज
ऐकला असेल तर त्याच्या मधमाश्यांनी.
त्यानं काळा मुळा घेतला, शेंड्याकडून कापला,
चाकूच्या टोकानं आतून कोरत गेला,
पोरासाठी लाकडी होडी कोरावी तसा,
पोकळीत मध ओतला, कापलेला शेंडा वर झाकण म्हणून ठेवला
आणि बाकाकडे बोट केलं.
मुळ्याला पाझर फुटायला तास लागतो.
तासभर आम्ही दोघं मुळ्याकडे बघत बसलो.
भिंतीवरचं घड्याळ बंद होतं,
त्यामुळे तास म्हणजे माझा अंदाज.
मग चमचा पुढे करून म्हणाला, 'कडू लागेल.'
लागलं.

आता खरं सांगते.
डिसेंबरात मी गुपचूप वारेनाला गेले.
डॉक्टरनं पाठीला नळी लावली, कपाळाला आठी घातली,
सात दिवसांच्या गोळ्या दिल्या.
त्या मी गाडीतच गिळायचे, बाहेर कुणी नाही बघून,
पेत्रोनेलेच्याच कांद्याच्या पाण्याबरोबर.
आठव्या दिवशी छाती मोकळी.

आणि गावभर सुरू झालं.
'बघ, कांद्याचा गुण आला.'
'मोहरीनं आतली थंडी ओढून काढली.'
बहिणी तर सतरा वर्षांनी एकमेकींशी बोलल्या,
म्हणजे भांडल्याच,
पण तोंडातोंडी, मला मध्ये न घेता.
मी सगळ्यांना हो म्हटलं.
गोळीला हात नसतात,
तिचा हातगुण कोण विचारणार?

फेब्रुवारी आहे. बर्फ मळकं झालंय.
अनिसेतासच्या फाटकापाशी मी गाडी बंद करते
आणि खोकते.
दोनदा. ऐकू जाईल इतपत.
खिडकीतला पडदा हलतो, आत खण उघडल्याचा आवाज.

काल मुळा कोरता कोरता, वर न बघता म्हणाला,
'खोकला आता वरवरचा वाटतो.
घशातला. छातीतला नव्हे.'
माझे कान तापले.
त्यानं मध ओतला. शेंडा बसवला. पुसलेलाच चाकू पुन्हा पुसला.
'मुळे संपत आलेत,' म्हणाला. 'तळघरात तीनच उरलेत.'

बऱ्याच वेळानं,
मुळ्याकडेच बघत:
'खोकल्याला बीट चालत असावं.
बीट पुष्कळ आहेत.'